व्हेर्दी ऐकायचा कसा: पाच मिनिटांच्या कोरसपासून दीड तासाच्या रेक्विएमपर्यंत

इटालियन ऑपेराची पहिली ओळख आपल्यापैकी बहुतेकांना जाहिरातीतून किंवा सिनेमातून होते. कुणीतरी टिपेच्या सुरात 'ला दोन्ना ए मोबिले' गातं, चाल डोक्यात बसते, पण ती कोण गातंय, कुणासाठी गातंय, हे कधी कळत नाही. मग एखाद्या रविवारी मोठ्या उत्साहाने अख्खा 'आयदा' लावला जातो. पाऊण तासात लक्ष उडतं आणि 'हे काही आपल्याला झेपणारं नाही' असं म्हणून विषय मिटतो. क्रम चुकला, एवढंच झालेलं असतं. जुझेप्पे व्हेर्दी हा मुळात गर्दीने भरलेल्या थिएटरसाठी लिहिणारा माणूस. संगीतातलं फारसं न कळणाऱ्यालाही त्याचं काम भिडतं, मात्र सुरुवात कुठून करायची हे माहीत हवं.

व्हेर्दीचा जन्म ऑक्टोबर १८१३ चा, उत्तर इटलीतल्या बुस्सेतोजवळच्या ले रोंकोले या खेड्यातला. वडील खानावळ चालवायचे. १८३२ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. आज तेच विद्यालय त्याचं नाव लावतं. २७ जानेवारी १९०१ ला तो मिलानमध्ये वारला, तोवर पंचवीसच्या वर ऑपेरा, एक रेक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेची रचना) आणि म्हातारपणी लिहिलेल्या चार धार्मिक रचना एवढा ऐवज मागे होता. या सगळ्यात शिरायचं तर कोरसच्या दाराने शिरा, असं माझं ठाम मत आहे. एकट्या गायकाचा ऑपेरातला कमावलेला, कंपनयुक्त आवाज नव्या कानाला सुरुवातीला परका वाटतो. शंभर माणसं एकत्र गातात तेव्हा तो परकेपणा राहत नाही. शिवाय व्हेर्दीचा कोरस मागे उभा राहून साथ करत नाही. तो नाटकातलं एक पात्र असतो: कधी निर्वासित, कधी खुशमस्करे, कधी रक्त मागणारा जमाव.

पहिली पायरी: एकच कोरस, पण नीट

'नाबुक्को' या ऑपेरातलं 'वा, पेन्सिएरो' घ्या. चार-पाच मिनिटांचं आहे. बॅबिलोनमध्ये बंदी म्हणून नेलेले ज्यू फरात नदीच्या काठी बसून मायभूमीची आठवण काढतात, एवढाच प्रसंग. बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रावरून तेमिस्तोक्ले सोलेराने शब्द लिहिले. 'हे मना, सोनेरी पंखांवर बसून जा' अशी सुरुवात आहे.

पहिल्यांदा ऐकताना काही करू नका, फक्त ऐका. दुसऱ्यांदा एक गोष्ट तपासा: सगळे एकच चाल गातायत का? पाश्चात्त्य कोरसमध्ये साधारणपणे बायकांचे वरचे आणि खालचे, पुरुषांचे वरचे आणि खालचे असे चार आवाज चार वेगळ्या ओळी गातात. इथे मात्र बराच वेळ सगळे एकाच सुरात आहेत. व्हेर्दीने सूचनाही दबक्या आवाजाची दिली आहे. मग 'आर्पा दोर' हे शब्द येतात, म्हणजे 'हे द्रष्ट्यांच्या सोनेरी वीणे, विलोच्या झाडाला मुकी का लटकली आहेस?', आणि त्या क्षणी आवाज फुटून वेगवेगळ्या ओळींत पसरतो, मोठाही होतो. एकाच दुःखाने एकवटलेली माणसं वाट फुटल्यासारखी आपापल्या गळ्याने बोलू लागतात. हा एक क्षण कानाने पकडलात की व्हेर्दीची अर्धी युक्ती तुमच्या हाती आली. मोठा परिणाम करायचा तर आधी किती वेळ हात राखायचा, हे त्याला अचूक कळायचं.

या कोरसभोवती बऱ्याच दंतकथा आहेत. ९ मार्च १८४२ ला मिलानच्या ला स्काला थिएटरात पहिला प्रयोग झाला, ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली दबलेल्या प्रेक्षकांनी या गाण्याला वन्समोर घेतला, असं सर्रास लिहिलं जातं. त्या रात्री वन्समोर मिळाला तो दुसऱ्याच एका कोरसला, असं अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं आहे. 'वा, पेन्सिएरो'ला राष्ट्रगीतासारखा मान पुढे हळूहळू मिळत गेला. पण नाबुक्कोच्या यशाबद्दल शंका नको: त्याच वर्षीच्या शरद हंगामात ला स्कालात त्याचे ५७ प्रयोग झाले. आणि १९०१ मध्ये व्हेर्दीचं पार्थिव त्याने स्वतः बांधलेल्या वृद्ध संगीतकारांच्या निवासात हलवलं गेलं, तेव्हा आर्तुरो तोस्कानिनीच्या संचालनाखाली आठशेच्या आसपास गायकांनी हेच गायलं, हे मात्र खरं. ते निवासस्थान मिलानमध्ये आजही चालू आहे.

याच्याच जोडीला 'मॅकबेथ'च्या चौथ्या अंकातला 'पात्रिया ओप्रेस्सा' ऐका. प्रसंग जवळपास तोच, स्कॉटलंडच्या सीमेवर जमलेले निर्वासित. पण ही चाल १८६५ ची, पॅरिसच्या प्रयोगासाठी व्हेर्दीने नव्याने बांधलेली. इथे गुणगुणता येईल अशी चाल नाही. तुटक, अंधारलेले स्वर आहेत आणि मधे मधे थांबणं आहे. बावीस-तेवीस वर्षांत एक माणूस कुठून कुठे गेला, हे दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर कुणी सांगायची गरज उरत नाही.

दुसरी पायरी: आधी संहिता वाचा

ऑपेरा ऐकण्याआधी त्याची कथा वाचणं म्हणजे मजा घालवणं, असं समजू नका. व्हेर्दीच्या काळी प्रेक्षकाला संहितेची छापील पुस्तिका विकत मिळायची आणि लोक ती वाचून यायचे. त्याच्या बहुतेक ऑपेरांच्या संहिता आज इंटरनेटवर फुकट मिळतात, इंग्रजी भाषांतरासह.

माझी रीत सांगतो. एका अंकाची संहिता एका बैठकीत वाचायची, नाटकाचा अंक वाचतो तशी. मग तोच अंक इंग्रजी उपशीर्षकांसह बघायचा. तिसऱ्यांदा काही न बघता नुसता ऐकायचा. एका दिवसात एकच अंक. सलग तीन तास बसायचा हट्ट पहिल्या दोन-तीन ऑपेरांपुरता सोडून द्या.

संगीत नाटकं बघत मोठं झालेल्या मराठी माणसाला इथे एक सवय बदलावी लागते. संगीत नाटकात संवाद थांबतो आणि पद सुरू होतं. नट ते रंगवतो, आळवतो, वन्समोर मिळाला की पुन्हा गातो, आणि कथा तेवढा वेळ वाट बघते. व्हेर्दीच्या तरुणपणच्या ऑपेरांत अशा थांब्याच्या जागा आहेत. पण तो जसजसा पुढे जातो तसतशा त्या कमी होत जातात आणि गाणं चालू असतानाच घटना घडते. त्यामुळे गळ्याकडे लक्ष हवंच, पण हे गाणं संपताना कोण कुठल्या संकटात सापडलेला असेल, इकडेही हवं.

तिसरी पायरी: पहिला पूर्ण ऑपेरा 'रिगोलेत्तो'

अनेक जण 'ला त्राव्हिआता'पासून सुरुवात करा म्हणतात. मी 'रिगोलेत्तो' म्हणेन. निव्वळ संगीत दोन तासांच्या आसपास, तीन अंक, कथा बंदुकीच्या गोळीसारखी सरळ, आणि शेवटचा अंक असा की त्यात एकही सूर जास्तीचा नाही.

व्हिक्टर ह्यूगोच्या ज्या नाटकावर हा ऑपेरा बेतला, त्यात फ्रान्सचा राजा लंपट दाखवला होता. व्हेनिसमध्ये ऑस्ट्रियन सेन्सॉर बसलेला. राजा असा दाखवायला त्याने साफ नकार दिला. शेवटी राजाचा मांतुआचा ड्यूक झाला आणि ११ मार्च १८५१ ला ला फेनिचे थिएटरात पडदा वर गेला. रिगोलेत्तो हा त्या ड्यूकचा कुबडा विदूषक. दरबारात लोकांच्या लेकीसुनांची टिंगल करणारा, घरी मात्र स्वतःची मुलगी जिल्दा हिला जगापासून लपवून ठेवणारा बाप. ज्याची मुलगी ड्यूकने नासवली अशा एका म्हाताऱ्याची तो चेष्टा करतो, म्हातारा त्याला शाप देतो, आणि पुढचं सगळं त्या शापाच्या सावलीत घडतं.

पहिल्या दोन अंकांत कोरसवर कान ठेवा. या ऑपेरात बायकांचा कोरसच नाही. फक्त पुरुष आहेत, दरबारी टोळकं. जिल्दाला पळवायला ते रात्री येतात तेव्हा 'ज़ित्ती, ज़ित्ती' म्हणत, दबक्या आवाजात, जवळजवळ खिदळत गातात. दुसऱ्या अंकात रिगोलेत्तो याच लोकांसमोर उभा राहतो. 'कोर्तिजानी' हे त्याचं गाणं शिव्यांनी सुरू होतं, ऑर्केस्ट्रा खाली उकळत असतो. मग तो दारावर धडका मारतो, कुणी हलत नाही. आणि मग तो हात जोडतो. त्या वळणावर वाद्यमेळ पातळ होतो, चेलो आणि कोर आंग्ले (ओबोच्या जातीचं, खालच्या सुराचं फुंकवाद्य) पुढे येतात, आणि जो आवाज धमकावत होता तो गयावया करू लागतो. हा भाग बॅरिटोनचा, म्हणजे पुरुषाच्या मधल्या आवाजाचा आहे. हट्टी, जखमी बाप रंगवायला व्हेर्दीने हा आवाज जन्मभर वापरला.

आता तिसरा अंक. नदीकाठची मोडकी खानावळ. आत ड्यूक आणि खानावळीतली मादालेना, बाहेर अंधारात रिगोलेत्तो आणि जिल्दा. बाप मुलीला तिच्या प्रियकराचं खरं रूप दाखवायला घेऊन आलाय. चौघं एकाच वेळी गातात. पहिल्या वेळी चौघांना एकदम ऐकू नका, गोंधळ होईल. एकदा फक्त ड्यूकच्या मागे जा: लांब, लाडीगोडीची, गोल चाल. पुन्हा लावा आणि मादालेनाच्या मागे जा: छोटे छोटे टपटप पडणारे स्वर, हसणं. मग जिल्दा: हुंदक्यांनी तुटलेल्या ओळी, वरून खाली घसरणाऱ्या. शेवटी रिगोलेत्तो, तळाशी पुटपुटणारा. चारदा ऐकून पाचव्यांदा एकत्र ऐका. बोलक्या नाटकात चार माणसं एकदम बोलली तर कुणाचंच कळत नाही. ऑपेरात चौघांच्या मनातलं एकाच वेळी कळू शकतं. ऑपेरा हवा कशाला, याचं उत्तर मी नेहमी या जागेवर बोट ठेवून देतो.

मग वादळ येतं. वाऱ्याचा आवाज काढायला व्हेर्दीने यंत्र आणलं नाही, पडद्यामागे पुरुषांचा कोरस तोंड मिटून गुणगुणतो. बासऱ्या विजेसारख्या लखलखतात. ड्यूकला मारायला रिगोलेत्तोने पैसे देऊन नेमलेला मारेकरी काम उरकतो आणि रिगोलेत्तोच्या हाती एक पोतं देतो. आत ड्यूकचं प्रेत आहे असं त्याला वाटतंय. तो पोतं नदीत लोटणार, इतक्यात दुरून कुणीतरी गातं. 'ला दोन्ना ए मोबिले'. जाहिरातीतली तीच उडती चाल. ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण?

ही चाल इतकी सोपी, इतकी चटकन लक्षात राहणारी का केली, ते इथे कळतं. अंधारात, दुरून, अर्धी ऐकू आली तरी बापाला आणि प्रेक्षकाला ती त्याच क्षणी ओळखता यायला हवी. पहिल्या प्रयोगाआधी गाणं गावभर होऊ नये म्हणून व्हेर्दीने ते शेवटपर्यंत जपून ठेवलं होतं, असं सांगतात.

चौथी पायरी: १८५३ चे दोन भाऊ

जानेवारी १८५३ मध्ये रोमला 'इल त्रोवातोरे' आणि मार्चमध्ये व्हेनिसला 'ला त्राव्हिआता'. दीडेक महिन्याच्या अंतराने आलेले हे दोन ऑपेरा एकमेकांसारखे अजिबात नाहीत.

'त्रोवातोरे'ची कथा समजून घेण्यात फार वेळ घालवू नका. बाळांची अदलाबदल, सूड, चिता, सगळं गुंतागुंतीचं आहे. त्यातले कोरस घ्या. ऐरणीवर घण मारत गाणारे जिप्सी सगळ्यांना माहीत असतात. त्याहून मोठी जागा चौथ्या अंकातल्या 'मिझेरेरे'ची: आतून भिक्षूंचा मरणाऱ्यासाठी प्रार्थनेचा कोरस, बुरुजातून कैद्याचा आवाज, बाहेर एकटी नायिका लेओनोरा, आणि खाली ऑर्केस्ट्राचा धडधडणारा ठोका. रंगमंचावर दिसते एकच बाई. बाकी सगळं नुसतं ऐकू येतं.

'त्राव्हिआता' पहिल्या रात्री पडला, वर्षभराने व्हेनिसमध्येच दुसऱ्या थिएटरात उचलून धरला गेला, आणि आज जगात सर्वाधिक होणाऱ्या ऑपेरांत त्याची गणना होते. पहिल्या अंकातलं मद्याचं गाणं सगळे ऐकतात. तुम्ही दुसऱ्या अंकावर वेळ घाला, प्रियकराचे वडील नायिका व्हिओलेत्ताला भेटायला येतात त्या प्रवेशावर. एक सभ्य, प्रतिष्ठित माणूस आपल्या मुलीच्या लग्नाचं कारण पुढे करून एका बाईकडून तिचं सगळं सुख मागून घेतो, आणि ती देते. 'दिते आल्ला जोव्हिने' या ओळीला ती होकार देते तेव्हा चाल इतकी साधी होते की रडणंही त्यात मावत नाही. शेवटच्या अंकात ती मरणपंथाला लागलेली असताना खिडकीबाहेरून कार्निव्हलचा कोरस जातो. कोरसला व्हिओलेत्ताची खबरही नाही, आणि म्हणूनच तो प्रवेश असह्य होतो.

पाचवी पायरी: सत्ता आणि जमाव

आता 'आयदा'. २४ डिसेंबर १८७१ ला कैरोत पहिला प्रयोग झाला. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातल्यामुळे तिथे तयार झालेले नेपथ्य-पोशाख अडकून पडले होते, म्हणून उशीर झाला. विजयोत्सवाचा प्रवेश हत्ती-घोड्यांच्या भपक्यासाठी प्रसिद्ध आहे. तो ऐकताना भपका बाजूला ठेवून कोण काय मागतंय ते बघा. पुरोहित कैद्यांचा मृत्यू मागतात, कैदी दया मागतात, लोक कैद्यांच्या बाजूने बोलतात, आणि हे तीन कोरस एकमेकांवर आदळतात. व्हेर्दीने खास घडवून घेतलेले लांब सरळ कर्णे दोन गटांत आहेत. पहिला गट वाजवतो, मग दुसरा गट तीच चाल एकदम वरच्या पट्टीत उचलतो आणि अख्खा प्रवेश जागच्या जागी उंच उठल्यासारखा वाटतो. या सगळ्या गजरानंतर शेवटचा प्रवेश दोन मजली रंगमंचावर आहे: वर मंदिर, खाली जिवंत पुरलेले दोघं. 'आयदा' हा खरं तर बंद खोल्यांचा ऑपेरा आहे. विजयोत्सव हा त्यातला अपवाद.

'डॉन कार्लोस' (पॅरिस, १८६७) लांब आहे, पाच अंकी. घाई करू नका. राजा फिलिपचं एकटेपणाचं गाणं आणि लगेच पाठोपाठ येणारा आंधळ्या धर्माधिकाऱ्याशी त्याचा सामना, दोन खर्जातल्या आवाजांची ही झुंज आधी ऐका. व्हेर्दीने याहून भेदक काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. 'सिमोन बोक्कानेग्रा'तला १८८१ साली नव्याने घातलेला सभागृहाचा प्रवेशही याच रांगेतला.

सहावी पायरी: रेक्विएम

इथवर आलात की रेक्विएमसाठी कान तयार झाला असं समजा. ही मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना. सुमारे ८५ मिनिटं, चार एकल गायक, मोठा कोरस, मोठा वाद्यमेळ.

बीज १८६८ चं. संगीतकार रोस्सिनी वारला तेव्हा व्हेर्दीने सुचवलं की इटलीतल्या संगीतकारांनी एकेक भाग लिहून मिळून एक रेक्विएम करावं. तेरा जणांनी लिहिलं, व्हेर्दीने शेवटचा 'लिबेरा मे' लिहिला, आणि प्रयोग बारगळला. पुढे २२ मे १८७३ ला कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी गेला. व्हेर्दी त्याला अतोनात मानायचा. 'लिबेरा मे' हाताशी होतंच; त्याच्या आधीचं सगळं त्याने स्वतः लिहिलं आणि बरोबर वर्षाने, २२ मे १८७४ ला, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये स्वतःच संचालन केलं. तीन दिवसांनी तेच ला स्कालात झालं. हे चर्चच्या वेषातलं ऑपेरा आहे, असा टोमणा तेव्हा जर्मनीतून आला होता. त्या शेऱ्यात निंदेसारखं काय आहे, हे मला कधी उमगलं नाही. मरणाची भीती ज्याने रंगमंचावर शिकली त्याने ती प्रार्थनेत का लपवावी?

ऐकण्याआधी एक व्यावहारिक काम. आवाजाची पातळी सुरुवातीवरून ठरवू नका. आरंभी चेलो इतके हळू आहेत आणि कोरस इतका कुजबुजतो की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. आठ-नऊ मिनिटांनी 'दिएस इरे' कोसळतं तेव्हा पश्चात्ताप होतो. आधी 'दिएस इरे'चं पहिलं मिनिट लावून पातळी ठरवा, मग सुरुवातीला परत या. आणि हे गाडीत, रहदारीत ऐकू नका. हळू जागा ऐकूच येणार नाहीत.

'दिएस इरे', म्हणजे कोपाचा दिवस. सबंध ऑर्केस्ट्राचे चार घाव, मग खाली कोसळत जाणारा कोरस, आणि मोठ्या ढोलाचे वेगळे पडणारे ठोके. ढोलाचं कातडं चांगलं ताणून घ्यावं, ठोका कोरडा आणि कठीण यावा, अशी व्हेर्दीची सूचना आहे. चांगल्या संचालकाची मी हीच परीक्षा मानतो: ढोल घुमतोय की तडकतोय? हा घाव पुढे पुन्हा पुन्हा येतो, तुम्ही सावरला आहात असं वाटू लागताच.

पाठोपाठ 'तूबा मीरुम'. ऑर्केस्ट्रात चार ट्रंपेट आणि सभागृहात दूर कुठेतरी लपवलेले आणखी चार. एक हाक, दुरून उत्तर, हाका जवळ येत जातात. घरी हे दोन स्पीकरवर ऐका, हेडफोनपेक्षा दिशा बऱ्या कळतात. नंतर खर्जातला गायक 'मोर्स' हा एकच शब्द, मृत्यू, पुन्हा पुन्हा म्हणतो, मधे रिकामी जागा सोडत. इथे गायक नाटकी झाला तर फसतो. सपाट म्हणणारा जिंकतो.

'लाक्रिमोसा'ची चाल 'डॉन कार्लोस'मधल्या एका वगळलेल्या प्रवेशातून आलेली आहे. तिथे मित्राच्या प्रेतावर शोक होता. 'सांक्तुस' हा मधला उजेड: तीनेक मिनिटं, दोन कोरस आठ ओळींत एकमेकांचा पाठलाग करतात. लगेच 'आग्नुस देई' येतं आणि सगळं रिकामं होतं. सोप्रानो आणि मेझो (बायकांचा वरचा आणि मधला आवाज), एकीच्या वर सप्तकभर दुसरी, कसलीही साथ नसताना तीच एक चाल गातात. तेरा मात्रागटांची ती चाल ऐकताना तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला आधाराची आठवण येईल, कारण खाली काहीच नाही. दोघींपैकी एकीचा सूर केसभर हलला तरी लगेच कळतं. रेकॉर्डिंग कुठलं घ्यावं, याचा निकाल या एका भागावर लावता येतो.

'लुक्स एतेर्ना'त सोप्रानो गप्प असते. तिघेच गातात. मुद्दाम, कारण शेवटचा 'लिबेरा मे' पूर्णपणे तिचा आणि कोरसचा आहे. ती एकाच स्वरावर शब्द म्हणू लागते, घाईघाईने, मला सोडव, सोडव. 'दिएस इरे' पुन्हा येऊन जातं. मग वाद्यं थांबतात आणि नुसत्या कोरसच्या आधाराने, आरंभीचीच चाल घेऊन, ती अतिशय हळू आवाजात वरच्या स्वरावर चढते. शेवट शांतीचा आहे की भीतीचा, यावर ऐकणारे अजून भांडतात. मला तो भीतीचाच वाटतो. व्हेर्दी श्रद्धाळू नव्हता, आणि त्याने श्रद्धेचं सोंग आणलेलं नाही.

१९४३-४४ मध्ये तेरेझिनच्या छळछावणीत राफाएल शेख्टर या संचालकाने ज्यू कैद्यांचा कोरस बसवून हे रेक्विएम अनेकदा सादर केलं. गाणारे आउशविट्झला पाठवले जात होते आणि नवे उभे केले जात होते. साथीला पियानो होता. 'लिबेरा मे' ऐकताना ही गोष्ट माहीत असलेली बरी.

सातवी पायरी: म्हातारपणाचे दोन

'आयदा'नंतर सोळा वर्षं नवा ऑपेरा नाही. मग १८८७ मध्ये 'ओतेल्लो' आणि १८९३ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, 'फालस्ताफ'. दोन्हींचे शब्द आर्रिगो बोइतोचे, मूळ शेक्सपियर. देवलांचं 'झुंजारराव' वाचलेल्याला ओतेल्लोची कथा नव्याने सांगायला नको, म्हणून थेट ऐका. पडदा वर जाताच वादळ आणि कोरस. ओळख करून देणारी वाद्यरचना नाही. या वादळाखाली ऑर्गनचे तीन शेजारशेजारचे खर्जातले स्वर कितीतरी वेळ एकत्र धरलेले असतात. ते वेगळे ऐकू येत नाहीत, फक्त अस्वस्थ वाटत राहतं, आणि वादळ ओसरून ते थांबले की कळतं. 'फालस्ताफ' सगळ्यात शेवटी. त्यात गुणगुणायला चाली हाती लागत नाहीत. लागण्याआधीच पुढे पळतात. दोनदा ऐकून आवडला नाही तर वर्षभर बाजूला ठेवा.

कोणती रेकॉर्डिंग, कुठे प्रत्यक्ष

रेक्विएमसाठी संचालक कार्लो मारिया जुलिनीचं साठच्या दशकातलं फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचं. आणि बघायचं असेल तर १९६७ चं ला स्कालातलं संचालक कारायानचं चित्रण, ज्यात तरुण गायक पावारोत्ती आहे. 'रिगोलेत्तो'साठी जाँ-पिएर पोनेलचा १९८० च्या दशकातला पावारोत्तीचा चित्रपट पहिल्या भेटीला उत्तम. 'मॅकबेथ' आणि 'बोक्कानेग्रा' दोन्हींसाठी संचालक क्लाउदियो आब्बादो. 'ओतेल्लो'चं तोस्कानिनीचं १९४७ चं रेडिओवरचं जुनं ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, तरी ऐका. १८८७ च्या पहिल्या प्रयोगात तोस्कानिनी स्वतः चेलो वाजवायला बसला होता.

मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतात. कार्यक्रमपत्रिकेत व्हेर्दी दिसला की तिकीट काढा. युरोपात राहणाऱ्यांनी किंवा तिकडे जाणाऱ्यांनी व्हेरोनाचं रोमन काळातलं खुलं रंगमंडळ उन्हाळ्यात गाठावं. तिथे १९१३ मध्ये व्हेर्दीच्या जन्मशताब्दीला 'आयदा' झाला आणि उत्सवाची परंपरा पडली. दगडी पायऱ्यांची तिकिटं स्वस्त असतात, उशी सोबत न्या. ला स्कालात सगळ्यात वरच्या गॅलरीतली जागा घ्या. दिसतं कमी, ऐकू उत्तम येतं. हंगाम ७ डिसेंबरला सुरू होतो.

गाणाऱ्यांसाठी

गोव्यात, मुंबईत, पुण्यात चर्चच्या किंवा हौशी कोरसमध्ये गाणाऱ्यांनी 'वा, पेन्सिएरो' आधी घ्यावं. स्वरांनी सोपं आहे, अवघड आहे ते दबक्या आवाजात सूर न पाडता श्वास पुरवणं. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेऊ नये, शेजारी घेतोय तेव्हा आपण धरून ठेवावं. मोठ्याने गायची ऊर्मी 'आर्पा दोर'पर्यंत आवरा. धार्मिक रचना गाताना लॅटिनचा उच्चार इटालियन वळणाचा ठेवा. गोव्यात जुन्या पिढीच्या कानात 'कीरिए' आणि 'आग्नुस देई' आधीच आहेत, त्यांना बोलवा.

अख्खं रेक्विएम हौशी गटाच्या आवाक्याबाहेरचं आहे. आठ ट्रंपेट कुठून आणणार? त्याऐवजी १८९८ मध्ये छापल्या गेलेल्या चार धार्मिक रचनांकडे बघा. त्यातलं 'लाउदी' इटालियन कवी दान्तेच्या शब्दांवर, फक्त बायकांच्या चार आवाजांसाठी, साथीशिवाय. पाचेक मिनिटांचं, चांगला गट दोन-तीन महिन्यांत बसवू शकेल. 'आवे मारिया' मात्र परीक्षा पाहतं. एका संगीतविषयक नियतकालिकात कोडं म्हणून छापलेल्या स्वरपंक्तीवर व्हेर्दीने ते रचलं. आपल्या भाषेत मांडायची तर आरोहात सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, शुद्ध नी, सां. पंचम नाही. अवरोहात तीव्र मध्यमाच्या जागी शुद्ध मध्यम येतो. ही पंक्ती आधी खर्जातले गातात, मग एकेक करून बाकीचे आवाज, आणि प्रत्येक वेळी भोवतीचे तिघं वेगळंच काहीतरी गात असतात. तालमीला पहिल्या दिवशी शब्द काढूच नका. सगळ्यांनी मिळून ही पंक्ती सरगमने, हार्मोनियम बंद ठेवून, वर-खाली गावी. कोमल धैवतापासून सां पर्यंतच्या चार स्वरांत सूर चढतो की उतरतो ते वरचा सा दाबून तपासावं, आणि तो चारही आवाजांत स्थिर झाल्यावरच कागद हातात द्यावेत.